शाळा सुटल्यावर मंगळवारी सकाळी अकरा वाजता हा कुठे असेल?

"मॅडम, शाळा आहे तोवर ठीक चाललंय. शाळा सुटली की याचं काय?" दिव्यांग मुलांच्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकते तितका दुसरा कुठलाच ऐकत नाही. बहुतेक वेळा तो नववीच्या दुसऱ्या सत्रात किंवा दहावीचे फॉर्म भरायच्या सुमारास येतो. त्याच्या पाठोपाठ ठरलेली विनंती असते, "याला झेपेल असा एखादा कोर्स सुचवा ना."

कोर्सचं नाव सांगायला दोन मिनिटं पुरतात. म्हणूनच मी ते लगेच सांगत नाही. आधी उलट विचारते: दहावी होऊन वर्ष झालंय असं समजा. साधा मंगळवार आहे, सण नाही, सुट्टी नाही, सकाळचे अकरा वाजलेत. तुमचा मुलगा कुठे आहे? कुणाबरोबर आहे? हातात काय आहे? तिथं तो कसा पोचला? पहिल्या भेटीत या प्रश्नांची उत्तरं फारशी कुणाकडे नसतात, आणि ज्यांच्याकडे असतात त्यांची म्हणजे "घरात, टीव्हीपुढं".

ओंकारच्या घरच्यांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहू का म्हणून घरच्यांना विचारलं, ओंकारलाही विचारलं. तो म्हणाला, "लिहा, पण फोटो नको."

ओंकार सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर आणि दोन म्हशी सांभाळते, थोरली बहीण पुण्यात इंजिनिअरिंगला, घरात आजी. माझ्याकडे आणलं तेव्हा तो नववीत होता, वय सोळा. सौम्य बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ५० टक्के दिव्यांगत्व. साधी वाक्यं सावकाश वाचायचा, नोटा ओळखायचा, पण हिशोब जमत नव्हता. आठवीपर्यंत वर्ग आपोआप पुढे सरकत गेला. नववीत मात्र शाळेनं वडिलांना बाजूला घेऊन सुचवलं, "सर, पुढच्या वर्षी सतरा नंबर भरून टाका." सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचा अर्ज. मुलगा शाळेच्या पटावरून गेला की शाळेच्या निकालाची टक्केवारी शाबूत राहते. स्वतः शिक्षक असल्यामुळे वडिलांना या सूचनेतली मेख कळली होती, आणि तीच त्यांना जास्त लागली होती.

ते भली जाड फाइल घेऊन आले होते. बुद्ध्यांकाचे अहवाल, यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, झेरॉक्स, गुणपत्रकं, आणि सगळ्यात वर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र. मी ओंकारकडे वळून विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" आई म्हणाली, "पोहे खाल्ले त्यानं." "शाळेत कुठला तास आवडतो?" वडील म्हणाले, "चित्रकला बरी आहे." ओंकार भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

आईवडिलांना बाहेर बसवलं आणि विचारलं, "आज कसे आलात?" तर गडी सुरूच झाला. सव्वानऊची गाडी आलीच नाही, मग दहाची धरली, ती विनावाहक होती म्हणून तिकीट आधीच काढावं लागलं, आता साडेबाराची चुकली तर दीडशिवाय दुसरी नाही. त्यांच्या गावावरून जाणाऱ्या सगळ्या एसट्या त्याला पाठ होत्या. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो, गाड्या बघायचा नाद आहे त्याला. तोच बंद करायचाय."

मी तो नाद कागदावर लिहून घेतला. वेळेचं भान, क्रम लक्षात ठेवणं, ठरलेली गोष्ट चुकली तर पुढची शोधणं. गुणपत्रकात या गोष्टींना रकाना नसतो, पण कामाच्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात यांचीच गरज लागते.

घरच्यांना पहिला अभ्यास दिला तो एका वहीचा. उठल्यापासून झोपेपर्यंत ओंकारच्या दिवसात जे काही होतं ते लिहायचं आणि पुढे एवढंच मांडायचं: त्यानं आपणहून केलं, आठवण केल्यावर केलं, की दुसऱ्या कुणी केलं. आईनं वही प्रामाणिकपणे भरली. आंघोळीचं पाणी आई काढते. कपडे आई काढून ठेवते. भांग आजी पाडते. दप्तर आई भरते. दुकानातून एकट्यानं त्यानं आजवर काहीही आणलेलं नाही. घराची किल्ली त्याच्या हातात कधी दिलेली नाही. हमरस्ता एकट्यानं ओलांडलेला नाही. आणि आपणहून करतो ते: म्हशींना पाणी दाखवणं, अंथरुणं घड्या घालून रचणं, संध्याकाळी डेअरीत दूध घालायला काकाबरोबर जाणं.

वही टेबलावर ठेवून आई म्हणाली, "मला वाटत होतं, मी निदान याला काही कमी पडू देत नाही."

तिचा दोष काढायचा नव्हता. सकाळी सातला ज्या घरात म्हशी, डबे, सासूबाईंची औषधं आणि शाळेची गाडी असं सगळं एकदम अंगावर येतं, तिथं "त्याचं त्याला करू द्या" हा सल्ला खुर्चीत बसून द्यायला सोपा असतो. ती म्हणालीही, "मी केलं तर पाच मिनिटांत होतं. तो करायला लागला की गाडी जाते." म्हणून आम्ही रविवारपासून सुरुवात केली, आणि एका वेळी एकच काम धरलं. पद्धत अशी की सगळं काम नेहमीसारखं आईनं करायचं, फक्त शेवटची पायरी ओंकारसाठी सोडायची. दप्तरात सगळं आईनं भरायचं, चेन त्यानं लावायची. ती जमली की त्याच्या आधीची पायरीही त्याची: डबा ठेवायचा आणि चेन लावायची. असं शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं. यात काम दरवेळी त्याच्या हातानं पूर्ण होतं, आणि अर्ध्यावर सोडून "राहू दे, मी करते" म्हणायची वेळ येत नाही. विशेष शिक्षकांना ही पद्धत चांगली माहीत असते, पालकांना सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो.

परीक्षेचा निर्णय त्यामानानं झटकन झाला. राज्य मंडळाच्या दहावीत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि एक कार्यानुभवाचा विषय घेता येतो. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथं पाच विषय लागतात, ते एकदम द्यावे लागत नाहीत, पास झालेला विषय जमा राहतो आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. ओंकारसाठी दुसरा निवडला. मराठी, गृहविज्ञान आणि चित्रकला हे विषय तिथं आहेत, आणि मुख्य म्हणजे आठवड्याचे दिवस मोकळे राहतात. दहावीचं प्रमाणपत्र नकोच असं मी कधीच म्हणत नाही. पण सोळा ते अठरा ही वर्षं निव्वळ त्या एका कागदामागं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. कागद हातात येतो तेव्हा त्यांना रस्ता ओलांडता येत नसतो.

आता कामाचं. पहिला प्रयोग वडिलांनीच सुचवला: मामाचं तालुक्याला मोबाईलचं दुकान आहे, तिथं बसेल. बसेल हेच खरं झालं. मामानं मायेपोटी त्याला पंख्याखाली स्टूल दिलं, दोन वेळा चहा, मधल्या वेळेला वडापाव. महिन्यानं मी विचारलं, "काम काय करतोस?" "बसतो." "मग?" "मामा म्हणतो, बस." नातेवाइकांकडच्या कामाचं असं फार वेळा होतं. कुणी रागावत नाही, कुणी अपेक्षा ठेवत नाही, आणि मुलाला पक्कं कळतं की आपल्याकडून इथं काहीच नको आहे. घरी येऊन तो चिडचिड करायला लागला, तर घरच्यांनी निष्कर्ष काढला, "त्याला कामाची आवड नाही."

दुसरी जागा शोधायला गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका बरोबर होत्या. समग्र शिक्षा अभियानात या शिक्षिका शाळाशाळांतून फिरतात, त्यामुळे त्यांना गावोगावची माणसं माहीत असतात. हे लक्षात ठेवा, कारण करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यात न सापडणारं काम अशा ओळखीतून सापडतं. त्यांनी एक रोपवाटिका सांगितली, ओंकारच्या गावापासून एसटीनं तिसरा थांबा. ओंकारला नेण्याआधी आम्ही दोघी तिथं अर्धा दिवस नुसत्या बघत बसलो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलं करणं, ट्रे भरणं, बोटानं खळगा करणं, एका खळग्यात एक बी टाकणं, वरून पातळ थर देणं, ट्रे उचलून रांगेत लावणं. भाजीच्या रोपांचा नेहमीचा ट्रे ९८ खळग्यांचा असतो. ओंकारला अठ्ठ्याण्णव मोजता येत नाहीत, पण इथं मोजायची गरजच नव्हती. रिकामा खळगा दिसतो, त्यात बी टाकायचं, रिकामा उरला नाही की ट्रे झाला. जो मुलगा अंथरुणाच्या घड्या कडेला कड लावून रचतो, त्याच्या हाताला हे काम बसेल असं आम्हांला दोघींनाही वाटलं.

मालक मोठ्या मनाचे. म्हणाले, "पाठवा की मॅडम, बसंल सावलीत निवांत. लेकरू हाय, त्याला काय काम सांगायचं?" मी म्हटलं, मग नको. त्यांना जरा राग आला. मग समजावून सांगितलं की आम्हांला तीन गोष्टी हव्यात: रोज ठरलेली वेळ, चुकलं तर इतरांना सांगता तसं त्यालाही तोंडावर सांगणं, आणि थोडे का असेना, शनिवारी पैसे त्याच्याच हातात. वडिलांच्या हातात नाही, फोनवर नाही. तो तेव्हा अठरा वर्षांच्या आतला होता, त्यामुळे औषध फवारणी आणि यंत्रांच्या जवळपास त्याला ठेवायचं नाही हेही लिहून घेतलं. किशोरवयीन मुलांना धोक्याच्या कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि अशा मुलाला औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता येईलच असं नाही.

अडचण आली ती घरातून. आईला पटलं होतं. वडील म्हणाले, "मॅडम, लोक काय म्हणतील? मास्तरांचा मुलगा माती भरतोय."

ही अडचण मला नवी नाही, आणि मला ती क्षुल्लकही वाटत नाही. दिव्यांग मुलाच्या आईवडिलांनी लोकांच्या नजरा इतकी वर्षं झेललेल्या असतात की प्रतिष्ठेचा उरलासुरला तुकडाही सोडवत नाही. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फाइलीत सगळ्यात वर का होतं, ते मला तेव्हा कळलं. ओंकारला माऊस धरता येत होता, त्यापलीकडे त्या परीक्षेत त्याचं काय होतं हे मी विचारलं नाही. पण ते प्रमाणपत्र पाहुण्यांना दाखवता येत होतं. मातीनं भरलेला ट्रे कसा दाखवणार?

श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी त्यांना काही सांगितलं नाही. ते भाषण ते स्वतः दर वर्षी प्रार्थनेच्या वेळी करत असणार. मी एवढंच विचारलं, "सर, लोक म्हणजे कोण? नावं सांगा." बराच वेळ घेऊन त्यांनी नावं सांगितली. शाळेतले दोन सहकारी आणि सख्खा भाऊ. मग विचारलं, "ओंकार चाळिशीचा होईल तेव्हा यांच्यापैकी कोण त्याच्याबरोबर असेल?" ते म्हणाले, "तुम्ही कठीण बोलता." कठीण होतंच ते. मी बदल्यात एकच मागणं केलं: पंधरा दिवसांनी, कामाच्या दिवशी, न सांगता रोपवाटिकेत जाऊन या.

ते गेले. मुलाच्या जवळ जाऊन उभे राहिले तर ओंकारनं वरही न बघता सांगितलं, "बाबा, ट्रेवर पाय पडेल, मागं व्हा." हे मला वडिलांनीच सांगितलं, हसत. त्यांचं मन एका दिवसात बदललं असं मात्र नाही. भावकीत ते अजूनही "ओंकारचं शेतीचं ट्रेनिंग चाललंय" असंच सांगतात. सांगोत. ट्रेनिंगही चाललंच आहे की.

रोपवाटिकेपर्यंत जाणं हा वेगळाच धडा होता, आणि खरं सांगायचं तर कामापेक्षा मोठा. एसटीच्या प्रवासात दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत असते. कार्ड दाखवायचं, थांब्याचं नाव सांगायचं, पैसे द्यायचे, उरलेले घ्यायचे, खिडकीतून खूण ओळखायची, उतरायचं. आधी आई त्याच्या शेजारी बसली. मग मागच्या बाकावर. मग आई पुढच्या थांब्यावर उभी आणि तो एकटा गाडीत. मग घरातून हात हलवायचा आणि पोचल्यावर फोन. प्रत्येक टप्पा जमेपर्यंत पुढचा नाही. हिशोब जमत नसल्यामुळे आम्ही त्याला "वरची नोट" शिकवली: कंडक्टरनं जो आकडा सांगितला त्याच्यापेक्षा मोठी असलेली सगळ्यात जवळची नोट द्यायची आणि सुटे परत येईपर्यंत हात पुढेच ठेवायचा. दुकानातही हेच. बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून पैसे हातात द्यायचे नाहीत, असं करून मुलाला पैशापासून तोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एकदा त्याला गाडीत झोप लागली आणि तो पुढच्या मोठ्या गावात जाऊन उतरला. फोन बंद पडलेला. खिशात ठेवलेलं नावनंबराचं कार्ड त्यानं स्टँडवरच्या चहावाल्याला दाखवलं, चहावाल्यानं घरी फोन लावला. आईनं मला रडत फोन केला, "झालं, उद्यापासून बंद." मी विचारलं, वाट चुकल्यावर त्यानं काय केलं? जे शिकवलं होतं तेच केलं. रस्ता कधीच चुकायचा नाही हे मी कुणालाच शिकवू शकत नाही, अगदी स्वतःलाही. चुकल्यावर कुणाला, काय सांगायचं याचा सराव मात्र घेता येतो, आणि तो आम्ही घेतला होता. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर तो पुन्हा गेला. आजी आठवडाभर देवाला दिवा लावून बसायची, ते चालू दिलं.

आणखी एक विषय होता, त्याला घरात कुणी हात लावत नव्हतं. मुलगा सोळा-सतराचा. अंगात बदल, मनात ओढ, आणि बोलायला कुणी नाही. वडिलांना वाटायचं, "त्याला काय कळतंय?" त्याला कळत होतं, शब्द नव्हते. कुठल्या गोष्टी बंद दाराआड करायच्या, कुणाच्या अंगाला कधी हात लावायचा नाही, कुणी आपल्या अंगाला लावला तर काय करायचं, एखादी मुलगी हसून बोलली म्हणजे काय आणि काय नाही, हे त्याला चित्रं दाखवून, साध्या शब्दांत, परत परत सांगावं लागलं. नकार द्यायलाही शिकवावं लागलं. आयुष्यभर "शहाणा बाळ" म्हणून ज्याचं कौतुक फक्त ऐकल्याबद्दल झालंय, त्याला कुणीही काहीही सांगावं आणि त्यानं ते करावं, असं होतं. रोपवाटिकेतल्या एका गड्यानं त्याला तंबाखू आणायला पिटाळायला सुरुवात केली होती, ओंकारच्याच पैशांनी. आम्ही खोटंखोटं दुकान मांडून सराव केला: "नाही. माझे पैसे आहेत. काकांना सांगीन." तिसरं वाक्य त्याला फारच आवडलं, आता तो ते घरी आईलाही ऐकवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण पालकांची निम्मी झोप तिथं उडालेली असते. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते प्रौढ, आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घेता येतं. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा रोख मात्र वेगळा आहे: निर्णय त्या व्यक्तीनं घ्यायचा, आपण मदत करायची, आणि लागेल तेवढ्यापुरतंच, लागेल तेवढ्याच काळासाठी पालकत्व. माझं मत विचाराल तर, अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर अर्ज करायची घाई नको. आधी ठरवा, ते कशासाठी हवंय. जमिनीच्या वाटणीसाठी? शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी? की फक्त बँकेतल्या बाईंनी "पालकाची सही आणा" म्हटलं म्हणून? ओंकारला सही करता येते, खातं त्याच्या नावावर आहे आणि दर शनिवारचे थोडे पैसे तो स्वतः स्लिप देऊन भरतो. स्लिप बहिणीनं एकदा भरून लॅमिनेट करून दिलीय, बघून उतरवतो. पालकत्वाचं आम्ही सध्या बाजूला ठेवलंय. ज्यांच्या मुलांना बोलता येत नाही, धोका कळत नाही, त्यांनी मात्र अठरा पूर्ण व्हायच्या सुमारासच अर्जाची तयारी करावी. यूडीआयडी कार्ड आणि प्रमाणपत्रावर मुदत घातलेली आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

वडिलांची नोकरी २००५ च्या आधीची, म्हणजे जुन्या पेन्शनची. अशा कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, पण अपत्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसला पाहिजे. यातून एक विचित्र भीती जन्माला येते, "तो कमवायला लागला तर पेन्शन जाईल, मग घरीच बरा." मी हे बऱ्याच नोकरदार घरांत ऐकलंय. वडिलांना म्हटलं, शनिवारच्या हातखर्चात कुणाचा चरितार्थ चालत नाही. तरी आपल्या कार्यालयात लेखी विचारा, अपत्याची नोंद आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आपल्या हयातीतच सेवापुस्तकाला लावून घ्या. एका पेन्शनच्या आशेवर मुलाची वीस-तीस वर्षं रिकामी ठेवणं हा मला तरी तोट्याचा व्यवहार वाटतो.

आणि "आमच्यानंतर काय" याचं घरातलं न बोललेलं उत्तर नेहमीसारखंच होतं, "ताई आहे ना." मी ताईला एकटीला बोलावलं. ती म्हणाली, "मी बघणारच आहे त्याला. पण मला आजवर कुणी विचारलं नाही. मी चौथीत असल्यापासून हे ठरलेलंच आहे." लग्नाच्या स्थळांना ओंकारबद्दल काय सांगायचं यावरही घरात कुजबुज होती, तिच्या पाठीमागं. मग एक बैठक झाली, ओंकारसकट. तिच्या वाट्याला काय येईल आणि काय येणार नाही हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. तिनं सांगितलं की पैशाचे व्यवहार ती बघेल, पण तिची नोकरी जिथं असेल तिथं त्याला उचलून नेणार नाही. "त्याच्या गाड्या इथं आहेत," असं तिचं कारण.

वडिलांनी मध्यंतरी निवासी संस्थांचीही चौकशी केली. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेनं, म्हणजे पालकांनीच, उभं केलेलं घरकुल आहे. पुण्यात कामायनी, नाशकात प्रबोधिनी अशा जुन्या संस्था या मुलांसाठी काम करतायत. शहरातल्या पालकांनी त्या जरूर जाऊन पाहाव्यात, मुलाला घेऊन पाहाव्यात. तालुक्याच्या गावात मात्र असं काही नसतं, आणि आहे त्यातच रोपवाटिका, बेकरी, डेअरी, खानावळ शोधावी लागते. कधी कधी तेच बरं पडतं, कारण मुलाला गावातली माणसं ओळखत असतात.

दृष्टिहीन किंवा कर्णबधिर मुलांचे पालक म्हणतील, आमचं मूल हुशार आहे, त्याचं हे नाही. खरं आहे. त्याच्यापुढे कॉलेज आहे, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. पण दृष्टी नसलेल्या, बारावीला ८० टक्के मिळवलेल्या एका मुलीनं पुण्याच्या कॉलेजचा प्रवेश सोडून दिला तो अभ्यासाला घाबरून नव्हे. पांढरी काठी घेऊन ती कधी घराबाहेर पडलीच नव्हती, आणि वसतिगृहात स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे असतात हे तिला तिथं गेल्यावर कळलं. त्या घरातही मी तीच वही भरायला दिली असती, फक्त चार वर्षं आधी.

ओंकार आता एकोणिसाव्या वर्षात आहे. एनआयओएसचे दोन विषय सुटलेत, तिसऱ्यात एकदा नापास झालाय. मध्ये रोपवाटिकेतलं काम दोन महिने बंद होतं, तेव्हा तो घरी बसून खूप त्रास देत होता, हे आईनंच कौतुकानं सांगितलं. पूर्वी घरी बसायला तो कधीच कंटाळायचा नाही. आता मोगऱ्याच्या पिशव्या भरायला मालक त्याला सीझन नसतानाही बोलावतात, पगार अजून इतर गड्यांच्या निम्माच देतात. त्यावरून माझं त्यांच्याशी बोलणं चालू आहे. ते म्हणतात, काम निम्मं होतं. मी म्हणते, मोजून दाखवा. मोजायचं आहे.

सध्याचा घरातला वाद वेगळाच आहे. स्टँडवर सगळे मोबाईल दाखवून चहाचे पैसे देतात, ओंकारलाही स्कॅन करायचंय. वडील म्हणतात, कुणीही फसवेल. ताईनं यूपीआय सर्कलचा तोडगा काढलाय, त्यात मुख्य खातेदार दुसऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करू देतो आणि प्रत्येक व्यवहार त्याला दिसतो. मर्यादेवर गाडी अडलीय. वडील म्हणतात महिन्याला दोनशे, ताई म्हणते पाचशे, ओंकार म्हणतो हजार, आणि शिवाय पगार माझा आहे. पुढच्या बैठकीत याचा निकाल लावायचाय. ओंकारला हिशोब मांडून आणायला सांगितलंय, महिन्यात चहा किती आणि वडापाव किती, चित्रं काढून चालेल.